बर्गीचा बर्गर

न्यू जर्सीतल्या मराठी घरांमध्ये मांसाहाराबाबत एक तह झालेला आहे. तो कागदावर कुठे नाही, पण एडिसनपासून पार्सिपनीपर्यंत इमानाने पाळला जातो. गाय नको, कारण दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आई असते. डुक्कर नको, कारण ते भावजींना चालत नाही; का चालत नाही, ते भावजींनाही सांगता येत नाही. कोंबडी चालते, पण ती बारा महिने चालूच असते. चार जुलैला मागच्या अंगणात ग्रिल पेटवून शेजारच्या गोऱ्या कुटुंबासमोर पुन्हा कोंबडीच काय भाजायची? मग उरते टर्की. टर्कीच्या खिम्याची चपटी टिक्की पावात घातली की लांबून बीफ बर्गरच वाटतो, आणि आईला शपथेवर ‘पक्षी आहे गं’ असं सांगता येतं. तहात दोन्ही बाजूंना काहीतरी सोडावं लागतं. इथे चव सोडलेली आहे.

ताईच्या एडिसनच्या अंगणात मी तो बर्गर खाल्लेला आहे, म्हणून बोलते. टर्कीच्या छातीच्या मांसात चरबी नावालाच. त्यातही तिकडे खिम्याच्या डब्यावर ‘९३ टक्के लीन’ असं अभिमानाने छापतात, आणि तब्येतीला जपणारी मंडळी त्याहूनही कोरडा डबा शोधून आणतात. पक्षी म्हटला की खिमा आत ७४ अंश सेल्सियसपर्यंत तापायलाच हवा, मधे गुलाबी ठेवायची सोय नाही. म्हणजे मुळात ओलावा कमी, आणि आहे तोही आचेवर घालवायचा. टर्की हा लग्नाला सूटबूट घालून येणारा आणि आहेराचं पाकीट घरी विसरणारा पाहुणा आहे. दिसायला भारदस्त, आणतो काहीच नाही. सगळं यजमानाने घालायचं.

तर हा बर्गर कोलकात्यात, बागबाजारातल्या सासरी करायची वेळ आली, कारण ताईचा सोळा वर्षांचा मुलगा नाताळच्या सुट्टीत एकटाच माझ्याकडे यायचा होता. ताईचा फोन आला. ‘हे बघ, तो जिमला जातो. प्रोटीन मोजून खातो. तुझ्या सासरची ती मैद्याची लुची त्याच्या पानात वाढू नकोस. टर्की बर्गर कर, तेवढाच तो न कुरकुरता खातो. ज्यूसी मात्र हवा हं.’ एडिसनमध्ये इतक्या वर्षांत जे कुणाला साधलं नाही ते मी उत्तर कोलकात्यातल्या दीडशे वर्षांच्या वाड्यात साधायचं होतं.

माझी आणि बागबाजारची गाठ कशी पडली ते आधी सांगायला हवं. मी नागपूरची, तीही महालातली. भोसल्यांचा वाडा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आणि सासर बागबाजारात, जिथे आजही मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. शाळेत आम्हाला भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या अर्ध्या पानात होत्या. बागबाजारात त्या अजून संपलेल्या नाहीत. १७४२ साली रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करपंत कोल्हटकर फौज घेऊन बंगालात शिरले. फौजेतले बारगीर इथल्या लोकांच्या तोंडी बर्गी झाले, आणि त्यांनी इतकी लूटमार केली की पोर झोपत नसलं तर बंगाली आया आजही अंगाईत बर्गीच आणतात. त्या धास्तीने इंग्रजांनी आणि कोलकात्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैल खणायचा बेत होता. सहा महिन्यांत तीनेक मैल झाला, मराठे काही आले नाहीत, आणि काम बंद पडलं. (या शहरातली अर्धवट खोदकामं पाहून ज्यांना आज त्रास होतो, त्यांनी परंपरेचं वय लक्षात घ्यावं.) पुढे १७९९ मध्ये त्या खंदकाचा बराचसा भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला. भोसल्यांच्या फौजेला दहा वर्षांत जो खंदक ओलांडायचा योग आला नाही, तो मी एका रजिस्टर लग्नात ओलांडला. फरक एवढाच, की १७५१ च्या तहात भोसल्यांना ओडिशा आणि वर्षाला बारा लाखांची चौथ मिळाली. मला काय मिळालं ते पुढे येईलच.

सासरी मला सगळे बौमा, म्हणजे सूनबाई, म्हणतात. छोटकाका, म्हणजे माझे धाकटे चुलत सासरे, फार प्रेमात किंवा फार रागात असले की ‘बर्गीर मेये’, बर्ग्यांची लेक, म्हणतात. यातलं प्रेम कुठलं आणि राग कुठला, हे अजून त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

टर्कीची बातमी मी रात्री जेवताना सांगितली. आणि घरात जे सुरू झालं त्याला धर्मपरिषद याहून साधा शब्द नाही.

या जुन्या घरांचा पक्ष्यांशी व्यवहार गुंतागुंतीचा आहे. मासा तर मोजतच नाहीत, तो भाजीत धरतात. बोकड कालीमातेच्या प्रसादातला, म्हणून मानाचा. बदकाची अंडी चालायची. पण कोंबडी उंबऱ्याच्या आत यायला सासऱ्यांची पिढी यावी लागली. तोवर तिला ‘रामपाखी’ म्हणायचे, आणि खायचीच झाली तर गच्चीवर वेगळी शेगडी मांडून, वेगळ्या भांड्यात शिजवून, खाली येताना हात धुऊन. अशा घरात मी कोंबडीच्या चौपट आकाराचा पक्षी आणू बघत होते.

निकाल पिशीमांच्या हातात. पिशीमा म्हणजे सासऱ्यांची मोठी बहीण, लहान वयात वैधव्य आलं म्हणून माहेरी परतलेल्या. त्यांचं स्वयंपाकघर वेगळं, निरामिष. कांदा-लसूणही तिथे जात नाही. स्वतः यातलं काही खात नाहीत, म्हणून दुसऱ्यांनी काय खावं याबद्दल त्यांच्याइतकं निःपक्षपाती घरात कुणी नाही.

‘टर्की म्हणजे कोण?’ त्यांनी विचारलं.

माझ्या नवऱ्याने फोनवर फोटो काढून दाखवला. नेमका पिसारा फुलवून उभा असलेला नर.

पिशीमांनी चष्मा वर केला. ‘हा तर मोर! कार्तिकाचं वाहन पावात घालणार तुम्ही?’

नवरा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि घरात इतिहास. तो म्हणाला, ‘मोर नाही, पिशीमा. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी काही अद्भुत प्राणी नेले होते, त्यात ही टर्की होती. बादशहाने आठवणींत तिचं वर्णन लिहून ठेवलंय. अंगाने लांडोरीपेक्षा मोठी, मोरापेक्षा लहान, माजावर आली की पिसं पसरून नाचते, आणि डोक्याचा-मानेचा रंग घडोघडी बदलते.’

‘बघा, बादशहाही मोराचंच नाव घेतोय,’ पिशीमा म्हणाल्या.

‘त्याने मन्सूरकडून तिचं चित्र काढवून घेतलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.’

छोटकाकांनी इलिश माशाचा काटा बाजूला काढत विचारलं, ‘चित्र काढून मग खाल्ली का?’

‘तसं काही लिहिलेलं नाही.’

‘हिंदुस्थानचा बादशहा जी वस्तू बघून चित्रावर थांबला, ती आपण खायची?’

सासूबाईंनी माझी बाजू घेतली. त्या नेहमी घेतात, पण अशा रीतीने की खटला आणखी बिघडतो. ‘वाहनाचं म्हणाल तर सरस्वतीच्या पायाशी हंस असतो,’ त्या म्हणाल्या, ‘आणि तिच्या पूजेच्या दुसऱ्या दिवशी आपण बदकाची अंडी खातोच की.’ यावर पाच मिनिटं कुणी बोललं नाही. लक्ष्मीचं घुबड कुणी खात नाही, तेव्हा नियम तिथे टिकतो. गणपतीच्या उंदराचा प्रश्न आला नव्हता तो छोटकाकांनी आणला, आणि पिशीमांनी ताटावरून उठायची धमकी दिली.

शेवटी त्यांनी मुद्दा कायद्याच्या भाषेत मांडला. ‘या पक्ष्यावर कुठला देव बसतो का?’

नवरा म्हणाला, ‘मूळचा अमेरिकेतला आहे, मेक्सिकोकडे माणसाळवलेला. कोलंबस जाईपर्यंत आपल्या देवांना तो माहीत असायचं कारण नाही.’

‘मग रिकामा आहे,’ पिशीमा म्हणाल्या. ‘चालेल.’

पण त्यांचं मन वळलं ते या युक्तिवादाने नव्हे, असं मला वाटतं. पिशीमा रोज सकाळी मायेर बाडीत जातात. शारदामाता १९०९ पासून ज्या घरात राहत, ते उद्बोधनचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून आहे, आणि पिशीमांच्या लेखी शारदामाता अजूनही तिथेच राहतात, फक्त दुपारी भेटत नाहीत. हात धुऊन आल्यावर त्या मला म्हणाल्या, ‘१८९८ च्या मार्चमध्ये मांनी इथेच बागबाजारात निवेदितेबरोबर आणि त्या दोन अमेरिकन बायकांबरोबर बसून खाल्लं होतं. बुलबाई आणि मॅक्लाउडबाई. ब्राह्मणाच्या घरची बाई, आणि ते साल! खुद्द स्वामीजी चकित झाले होते. आता तुझ्या अमेरिकन भाच्याला मी उपाशी ठेवू?’ माझा भाचा शांडिल्यगोत्री देशस्थ आहे हे सांगायचा मोह मी आवरला. पासपोर्ट निळा आहे, आणि त्या क्षणी तोच कामाचा होता. अट एकच घातली गेली: पिशीमांचा शील-नोडा, म्हणजे पाटा-वरवंटा, आणि फ्रीजमधला त्यांचा वरचा कप्पा यांना टर्कीचा वाराही लागता कामा नये.

आता पक्षी हवा. बागबाजारच्या टोकाला गॅलिफ स्ट्रीटवर दर रविवारी पाळीव प्राण्यांचा बाजार भरतो. रंगीत मासे, कबुतरं, ससे, कुत्र्याची पिल्लं, कुंडीतली रोपं. तिथे एका मोठ्या पिंजऱ्यात टर्क्या दिसल्या. मी विक्रेत्याला विचारलं, ‘किलोला कसं?’ तो माझ्याकडे बघतच राहिला. मग अगदी हळुवारपणे त्याने विचारलं, ‘दीदी, घरी गच्ची आहे का?’ मी खरं कारण सांगितलं. त्याने पिंजऱ्यावर पोतं ओढून घेतलं आणि शेजारच्या ससेवाल्यालाही काहीतरी खूण केली.

मग न्यू मार्केट गाठलं. स्टुअर्ट हॉगच्या नावाचं, १८७४ मध्ये उघडलेलं हे मार्केट एरवी बारा महिने गजबजलेलं असतं, पण ‘बडोदिन’, म्हणजे नाताळ, जवळ आला की त्याच्या अंगात येतं. बगदादी ज्यू कुटुंबाने १९०२ साली सुरू केलेल्या नाहुमच्या बेकरीपुढे प्लमकेकसाठी रांग लागते आणि त्या रांगेत पार्क स्ट्रीटच्या मेमसाहेबांपासून शोभाबाजारच्या काकूंपर्यंत सगळे सारख्याच उतावीळपणे उभे असतात. मांसाच्या भागात तेवढ्या पंधरवड्यापुरत्या टर्क्या येतात. गिऱ्हाईक ठरलेलं: क्लब, हॉटेलं, बो बॅरक्सकडची अँग्लो-इंडियन कुटुंबं. सगळे अख्खा पक्षी नेतात, पोटात सारण भरून भाजायला. मी पाच किलोची एक गोठवलेली निवडली आणि म्हटलं, ‘खिमा करून द्या.’

दुकानदाराने सुरा खाली ठेवला. ‘बौदी, एवढं वाढवून, एवढी मोठी करून, शेवटी बारीकच करायची होती तर कोंबडीने काय घोडं मारलं होतं?’ बंगालीत घोडा नव्हता, भावना तीच होती. खिमा त्याने करून दिला नाहीच.

गोठवलेली टर्की फ्रीजमध्ये सुटी व्हायला दोन किलोंमागे जवळजवळ एक दिवस घेते. बाहेर ठेवून सोडवायची नसते. वरून कोमट होते आणि आत बर्फ राहतो, मग पोटाचे हाल. म्हणजे पाच किलोंना अडीच दिवस फ्रीज द्यायचा. आणि डिसेंबर म्हणजे नोलेन गुडाचा महिना. बागबाजारच्या फ्रीजमधून या दिवसांत खजुराच्या गुळाचे संदेश हलवणं हे खंदक बुजवण्यापेक्षा अवघड आहे. छोटकाकांनी उदारपणे तोडगा काढला: संदेश फ्रीजमधून काढून त्यांच्या पोटात ठेवायचे. तीन दिवस त्यांनी हे काम मन लावून केलं.

हाडं काढायला नवरा बसला. टर्कीच्या तंगडीत एक गंमत असते. तिचे स्नायुबंध वय वाढेल तसे हाडाइतके कडक होतात. नडगीच्या मांसातून उभ्या, पिवळट-पांढऱ्या काड्या निघतात, सुरीला दाद देत नाहीत. एकेक काडी चिमट्याच्या पकडीने धरायची, दुसऱ्या हाताने सुरीच्या पाठीने मांस मागे रेटायचं आणि काडी ओढून काढायची. ती निघताना ‘सुर्र’ असा आवाज होतो. भाचा तोवर येऊन पोचला होता आणि झोप उडाल्यामुळे पहाटे पाचला स्वयंपाकघरात उभा होता. सोळा वर्षं टर्की खाऊन त्याने टर्कीचा पाय पहिल्यांदाच पाहिला. ‘मावशी, आमच्याकडे हे डब्यात येतं,’ तो म्हणाला, आणि प्रोटीन मोजायचं त्या सकाळपुरतं विसरला.

खिम्यासाठी छातीचं मांस कमी आणि मांडीचं जास्त घेतलं. मांडीचं मांस गडद असतं आणि त्यात चरबी असते. टर्कीत जे काही खाण्याजोगं आहे ते तिथे आहे. तुकडे अर्धा तास फ्रीजरमध्ये कडक करून मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवले. कडक तुकडे नीट कापले जातात; मऊ असले की चुरगळून लगदा होतो आणि चरबी भांड्याला लागून बसते.

इथपर्यंत सगळं घरातल्या घरात होतं. पण बागबाजारात घराबाहेर ओटा असतो, त्याला ‘रोक’ म्हणतात, आणि रोकावर बसणाऱ्यांना आत काय शिजतंय ते आतल्यांच्या आधी कळतं. सकाळी आठपर्यंत गल्लीत बातमी पोचली होती की बौदींकडे बर्गर आहे आणि तो ‘शुकनो’, कोरडा, होण्याचा धोका आहे. या मोहल्ल्यात कोरडेपणा हा पदार्थाचा दोष धरत नाहीत, कुटुंबाचा धरतात. त्याला कारण आहे. १८६८ मध्ये नवीनचंद्र दासांनी रसगुल्ला केला तो इथे, बागबाजारात. छान्याचा, म्हणजे फाडलेल्या दुधाचा, गोळा उकळत्या पाकात टाकायचा, तो फुटू द्यायचा नाही आणि तरी आतपर्यंत पाक शिरला पाहिजे. ज्या गल्लीबोळांनी हा प्रश्न सोडवून जगाला दिला, तिथे खिम्याच्या टिक्कीपुढे हार मानायची म्हणजे काय?

छोटकाकांनी रसगुल्ल्याचं तत्त्व थेट बर्गरला लावलं. ‘कमी मळलास तर तुटेल, जास्त मळलास तर रबर होईल. छाना हाताला तेल सोडायच्या आत हात काढायचा.’ मग त्यांचा आवाज चढला. ‘आणि तुला सांगतो बर्गीर मेये, तुमच्या भोसल्यांनी १७५१ मध्ये ओडिशा नेला नसता, तर २०१५ मध्ये ओडिशाने आमच्या रसगुल्ल्यावर हक्क सांगितला नसता.’ या दोन गोष्टींचा संबंध मी बराच विचार करूनही लावू शकले नाही. २०१७ मध्ये बंगालच्या रसगुल्ल्याला भौगोलिक मानांकन मिळालं, याची मी त्यांना आठवण करून दिली. ‘दोन वर्षांनी त्यांनाही मिळालं ना!’ ते म्हणाले, आणि भोसल्यांची फाइल पुन्हा उघडी राहिली.

मळण्याचं मात्र त्यांचं खरं होतं, आणि नवऱ्याने त्याला शास्त्राचा टेकू दिला. खिम्यात मीठ आधी घालून ठेवलं की ते मांसातलं मायोसिन नावाचं प्रथिन विरघळवतं, मग ते चिकट होऊन एकमेकांना धरून बसतं. सॉसेजला हे हवं असतं. बर्गरला नको, टिक्की घट्ट होते आणि शिजताना आवळून स्वतःचाच रस बाहेर टाकते. तेव्हा मीठ अगदी तव्यावर टाकायच्या वेळी.

रसाची उसनवारी कुठून करायची, यावर रोकावर दोन पक्ष पडले. अमेरिकन पुस्तकांत पाव दुधात भिजवून खिम्यात मिसळायला सांगतात. पावातला स्टार्च दूध धरून ठेवतो आणि प्रथिनांच्या जाळ्यात मधे मधे येऊन ते आवळू देत नाही. मी हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं तर समोरच्या घरातल्या आजोबांनी हात झटकला. कोलकात्याच्या केबिनींमध्ये, म्हणजे जुन्या उपाहारगृहांत, कटलेटात भिजवलेला पाव कधीपासून जातो, हे त्यांच्या मते विचारण्याचं कारणच नव्हतं. आणि कटलेट, फिश फ्राय यांना आल्याचा आणि कांद्याचा रस चोळून ठेवायचा, चोथा नाही, रसच, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कांद्याचा चोथा खिम्यात राहिला तर पाणी सोडून टिक्की फोडतो. रस मांसात मुरतो. सासूबाईंनी कांदा-आलं किसून मलमलीत पिळून दिलं. वर त्यांनी सुचवलं, की टिक्कीला फेटलेल्या अंड्याच्या जाळीत गुंडाळून कविराजी करावी, म्हणजे कोरडी आहे की ओली हे कुणाला कळणारच नाही. सूचना व्यवहारी होती. पण भाच्याचं तळणीशी वैर. शेवटी खिम्यात गेलं ते असं: दीड वाटी दुधात भिजवून पिळलेला पाव, कांद्या-आल्याचा रस, भाजा मसाला, गंधराज लिंबाच्या सालीचा अगदी थोडा कीस, आणि थंडगार लोण्याचे बारीक तुकडे, जे तव्यावर वितळून मांसात रसाची जागा करतात. अंडं घातलं नाही. ते बांधून धरतं खरं, पण कडकही करतं.

मसाल्याच्या वेळी मी माझ्या ट्रंकेतला सावजी मसाला काढला. नुसता डबा उघडला तर छोटकाकांना ठसका लागला आणि पिशीमांनी आपल्या स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. नागपूरकर म्हणून मला तो सगळ्या खिम्याला लावायचा होता. वाटाघाटी झाल्या. शेवटी ठरलं, की एकूण मसाल्याचा चौथा हिस्सा सावजी असेल. चौथ वसूल झाली. बंगालात बऱ्याच काळाने, आणि या वेळी रक्तपात न होता.

टिक्क्या पावापेक्षा थोड्या मोठ्या थापल्या, बोटाच्या एका पेराएवढ्या जाड, आणि प्रत्येकीच्या मधोमध अंगठ्याने खळगा केला. कडा आधी शिजून आवळतात आणि मधला भाग फुगतो. खळगा ठेवला की तो फुगून सपाट होतो. लोखंडी तवा तापला. आता एकच नियम: उलथन्याने दाबायचं नाही. सासूबाईंचा उजवा हात पन्नास वर्षं पराठे दाबत आलेला आहे. दर टिक्कीमागे मी त्यांच्या मनगटाकडे आणि त्या टिक्कीकडे बघत होते. एकदा मी पाणी प्यायला वळले, आणि मागे ‘चर्र’ झालं. ती टिक्की छोटकाकांच्या पानात गेली.

‘आत ७४ अंश झाले का?’ भाच्याने विचारलं. पिशीमांनी दाराआडून तापाचा थर्मामीटर पुढे केला. तो ४२ अंशांवर संपतो. नवरा प्रयोगशाळेतला आणायला निघाला, तेव्हा तो आजवर कशाकशात बुडवला आहे हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, म्हणून त्याला बाजारात पाठवून नवा आणवला. दोन्ही बाजू पाच-पाच मिनिटं आणि वर झाकण; मग तव्यावरून काढून पाच मिनिटं नुसतं ठेवायचं, म्हणजे रस जागच्या जागी बसतो. या शेवटच्या पाच मिनिटांत बारा माणसांना ताटापासून लांब ठेवावं लागलं. बर्गरमधलं सगळ्यात कष्टाचं काम हेच आहे, आणि कुठल्याही पुस्तकात त्यावर एक ओळ नाही.

पावाचं थोडक्यात सांगते. लादी पाव इथे सहज मिळत नाही. चहाच्या टपरीवर जे बन मिळतात ते गोड असतात आणि चावता चावता लाल-हिरवी टुटीफ्रुटी निघते. ती सुईने टोकरून काढायचं काम गल्लीतल्या पोरांना दिलं. काढलेली टुटीफ्रुटी हीच मजुरी.

वर लावायला कासुंदी होती, म्हणजे इथली नाकात जाणारी मोहरी. केचपची बाटली मी काढणार एवढ्यात निरामिष स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि पिशीमांनी एक वाडगा बाहेर सरकवला: टोमॅटो, खजूर आणि आमसत्त्वाची, म्हणजे आंबापोळीची, चटणी, वर भाजलेल्या मिरचीचा दाणा. त्या स्वतः बर्गरपासून चार हात लांब उभ्या राहिल्या आणि प्रत्येकाने चटणी किती घेतली ते मोजत राहिल्या.

भाच्याने पहिला घास घेतला. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. सगळी गल्ली थांबली. तो चावत राहिला, मग त्याने पाव उचलून आत बघितलं.

‘मावशी,’ तो म्हणाला, ‘हे टर्कीसारखं लागतच नाही.’

याहून मोठी पावती मिळणार नव्हती. त्याने आणखी दोन खाल्ले, चटणीचा वाडगा पुसून घेतला, आणि पिशीमांना विचारलं की ही चटणी बाटलीत भरून एडिसनला नेता येईल का. पिशीमांनी त्याच्या गालाला हात लावला. त्यांच्या हाताला मोहरीचा वास लागला, हे त्यांच्या लक्षात आलं नाही किंवा आलं तरी त्यांनी चालवून घेतलं. रात्री ताईचा कृती विचारायला फोन आला. गंधराज लिंबू, कासुंदी, भाजा मसाला, सावजी मसाला, मलमलीचं फडकं. बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, ‘आणि टर्की किती टक्के लीन?’

छोटकाका शेवटी जेवले. दाबलेली टिक्की त्यांनी बघताक्षणी ओळखली होती, म्हणून त्यांना दुसरी दिली. ती त्यांनी सावकाश, डोळे मिटून, एक थेंब न सांडता संपवली. बोटं चाटली. मग मला जवळ बोलावलं.

‘बौमा, उत्तम झालंय. पाव बरोबर, रस बरोबर, तुझा तो राक्षसी मसालाही बरोबर. हात लावायला जागा नाही. पुढच्या वेळी फक्त त्यातली टर्की काढ आणि कोळंबी घाल.’